गावठी लसणीपायी बेपत्ता

मी, सौ. सरोज आनंद लिमये, वय ६६ वर्षे, निवृत्त शिक्षिका, राहणार डोंबिवली पूर्व, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी माझे पती आनंद यांच्यासह राहते. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात माल तपासणीवर होते. उभा जन्म नटबोल्ट पारखण्यात गेला, पण लसणीची गड्डी काही त्यांना कळत नाही.

आज सकाळी त्यांनी बाजारातून लसूण आणली. दिसायला पांढरीशुभ्र, दाबली तर पोकळ, पाकळ्यांना कोंब. मी म्हटले, "अहो, गड्डी दाबून बघायची. घट्ट, जड लागली तरच घ्यायची. आणि मला चटणीला गावठी हवी होती, बारीक पाकळीची." त्यावर ते "लसूण ती लसूण" असे म्हणाले. तेव्हा मी, "आता चांगली मिळाल्याशिवाय घरी येऊ नका," असे बोलले. असे आपण बोलतो. त्याचा अर्थ येऊ नका असा होत नाही, हे जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार दर्शना मॅडमनाही मान्य आहे.

ते पिशवी घेऊन गेले ते जेवायलाही आले नाहीत. मोबाईल आणि छातीच्या गोळ्यांची डबी टेबलावरच होती. मागच्या दिवाळीत त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. मी सगळा बाजार पालथा घातला आणि इथे आले. मी फार घाबरले होते. वर्णन विचारल्यावर "उंच, चष्मा, हट्टी" असे सांगितले. "हट्टी" मॅडमनी लिहिले नाही. ते लिहावे.

तक्रार लिहून होत असतानाच माझे पती स्वतः इथे आले. मी इथे असल्याचे त्यांना शेजारच्या नीरजाने सांगितले. गावठी लसूण शोधत ते पार कल्याणपलीकडे मोहन्यापर्यंत गेले होते. "मिळाल्याशिवाय यायचं नाही म्हणालीस ना?" असे वर मलाच विचारतात! मी आधी गोळी दिली, मग ओरडले.

पिशवी मॅडमच्या टेबलावर ओतून पाहिली. लसूण गावठी नाही. दोन गड्ड्या पोकळ, एकीला बोटभर कोंब. तरी लसूण उत्तम आहे, असे माझे म्हणणे आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. पती शेजारीच बाकावर बसल्यामुळे पोकळ गड्ड्यांचे मॅडमनी मनात वाचले, "उत्तम आहे" तेवढे मोठ्याने. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.