तात्यांच्या पायाचं दहावं

तुम्ही माणसाचं दहावं बघितलं असेल, मी पायाचं बघितलंय!

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली आमच्या थोरल्या चुलत्यांचा, तात्यांचा, पाय मधुमेहानं सडला. सांगलीच्या डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला. तात्यांनी भांडून पाय मागून घेतला, मळ्यात पुरला आणि दहाव्या दिवशी बैलगाडीत बसून पिंड ठेवायला कृष्णाकाठी हजर!

"वर गेल्यावर मी लंगडत हिंडू व्हय? पाय आदी पोचला पायजे."

पण कावळा पिंडाला शिवेना. कुणी म्हणालं, "नवी चप्पल वाहतो." कुणी म्हणालं, "जत्रंला निऊन आणतो." कावळा ढिम्म.

शेवटी तात्या माझ्या वडिलांकडं वळले. बांधावरच्या भांडणापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

"धाकल्या, तुला लाथ ह्याच पायानं घातली हुती. त्येला माफ कर."

वडिलांनी पिंडाला हात जोडले. "जा बाबा, माफ केलं."

कावळा टुणकन खाली आला आणि पिंडाला शिवला. तात्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मिठी मारायला हात पसरले.

वडील दोन पावलं मागं सरले. "थांबा, दादा. माफी पायाला हाय. शिव्या दिल्या त्या तोंडाचं दहावं झालं की बघू."