मोत्याची घोंगडी

तुम्हाला सांगते, त्या वर्षीच्या थंडीत आमच्या चिखलीच्या सखूवहिनींनी नव्या जावयाला चक्क कुत्र्याची घोंगडी पांघरायला दिली! कारखान्यात नोकरीला असलेला जावई लग्नानंतर पहिल्यांदाच मुक्कामी येणार होता. घरात जाड घोंगडी एकच, आणि तीत त्यांचा म्हातारा मोत्या निजायचा.

“धुऊन चांगली उन्हात घातलीया. तुमी फकस्त तोंड उघडू नका,” वहिनींनी मला दम भरला.

सकाळी विरजण मागायच्या निमित्तानं मी गेलेच. जावई चुलीपुढे गंभीर चेहऱ्यानं बसलेला.

“मामी, ही घोंगडी कुणाची?”

वहिनींनी घाईघाईनं चुलीत फुंकर घातली. जावई रुसून गेला तर गावभर शोभा!

“तुमचीच की, जावईबापू.”

“मग मोत्याला तसं सांगा. रात्री आत शिरला आणि माझ्यावरच गुरगुरला!” म्हणाला, आणि खो खो हसत सुटला.

संक्रांतीला तो नवी कोरी घोंगडी घेऊन आला. वहिनींनी हरखून हात पुढे केले.

“ही मोत्याला,” जावई म्हणाला आणि जुनी काखेत मारली. “आता त्याला बजावा, माझ्या घोंगडीत यायचं नाही.”