बाकीची दहा पानं

बहीण : आधी तो फोन पालथा ठेवा. नाही, बंदच करा.

ठसेतज्ज्ञ : ताई, मीच बोलावलं ना तुम्हाला? रेकॉर्डिंग कशाला करेन?

बहीण : दुकानाच्या वॉचमनच्या खुनात माझ्या भावाविरुद्ध साक्ष तुमचीच. दुकानाच्या दारावरचा ठसा त्याच्याशी जुळतो, असा ठसा लाखात एखाद्याचाच, असं छातीठोकपणे सांगितलंत. आता निकाल चार दिवसांवर आलाय आणि मला चहा पाजताय?

ठसेतज्ज्ञ : लाखात एक, हे खोटं नाही. अंगठा अर्धाच उमटला होता. तो आम्ही कॉम्प्युटरमधल्या बारा लाख ठशांशी ताडून पाहिला.

बहीण : थांबा. मी शिंपीण आहे, आकडे कळतात मला. लाखात एक, तर बारा लाखांत बारा.

ठसेतज्ज्ञ : अकरा निघाले.

बहीण : आणि कोर्टात एकच सांगितलात.

ठसेतज्ज्ञ : एका पानावर एक माणूस, फोटोसकट. ज्याचं घर खुनाच्या जागेजवळ, तो आधी छापला जातो. वरचं पान फायलीला लावायचं, बाकीची कपाटात टाकायची, अशीच आमच्याकडची पद्धत. तुमचा भाऊ दुकानाच्या मागेच राहतो. बाकीच्यांचं कोणी विचारलंच नाही.

बहीण : सरकारी वकील तर म्हणाले, तो निर्दोष असण्याची शक्यता लाखात एक. तुम्ही तिथेच बसून ऐकत होतात.

ठसेतज्ज्ञ : ते साफ चूक होतं. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं मी.

बहीण : एका मापाचा शर्ट गल्लीत दहाजणांना बसतो. दिसेल त्याची कॉलर धरून ‘हा तुझाच’ असं म्हणत नाही मी. पण आजच का कंठ फुटला तुम्हाला? खरं सांगते, मला तुमचा भरवसा वाटत नाही.

ठसेतज्ज्ञ : रिटायर होतोय. काल कपाट आवरताना ती पानं पहिल्यांदा वाचली. सातव्या पानावर माझा जावई आहे.

बहीण : त्यानं मारलं वॉचमनला?

ठसेतज्ज्ञ : भलतंच काय बोलताय! त्या संध्याकाळी तो आमच्याकडे जेवायला होता. माझ्यासमोर बसून जेवला.

बहीण : माझा भाऊही माझ्यासमोर बसून जेवला. शपथेवर सांगितलं मी. तर म्हणाले, बहीण असंच सांगणार.



ठसेतज्ज्ञ : तुमचे वकील आत्ता भेटतील का?