जरा आवाज करणारं दाखवा

न्हाय न्हाय, हे व्हॅक्यूम न्हाय चालायचं — चालू हाय का बंद तेच कळंना की ओ. चालू हाय? बगा, म्हणजे हात लावल्यावर कळलं. मला जरा आवाज करणारं दाखवा. हसू नका, सगळी गिऱ्हाइकं कमी आवाजाचं मागत असतील, ठाऊक हाय मला, पण मला आवाज पायजे. आतल्या खोलीत चालू केलं तर सैपाकघरात बसलेल्या माणसाला ऐकू गेलं पायजे. म्हाताऱ्या माणसाला. ते लाल कितीचं? सहा हजार. आणि ते काळं, मोठ्या टाकीचं? चौदा. आईऽऽ गं. आठ हजारात काय जादा देतंय ते? फिल्टर — व्हय, ते पोरीच्या डॉक्टरनी सांगितलंय मला, स्वस्तातलं घेतलं तर पुढनं ओढतंय आणि मागनं बारीक धूळ परत घरातच सोडतंय म्हणून. म्हणजे झाडूच की ते, विजेवरचा. मग फिल्टरचं पायजेच. पण आवाज? आवाज ह्या लालचा मोठा असंल ना? आता बगा, आवाज स्वस्तात आणि फिल्टर महागात — आमच्यासारख्यानं काय करायचं?

ते गोल, आपलं आपण फिरणारं नको. आईच्या पायात येईल. डोळ्याला पट्टी हाय तिच्या. ती बगा की, काचेच्या बाहेर पायरीवर बसलीय, पिशवी मांडीवर घेऊन — ती माजी आई. म्हाळसाबाई. आत बोलवलं मी, येत न्हाय, म्हणली गार हवेच्या दुकानात माजं काय काम. काल मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं उजव्या डोळ्याचं, आज सोडलं दवाखान्यातनं. डाव्याला पण अंधुकच दिसतंय. म्हणून तर आवाज म्हणतोय ओ. टाकीत काय जमलं ते दिसणार न्हाय तिला, मग कळणार कसं मशीन चाललंय ते? ऐकूनच की.

तुमचं नाव रेवणसिद्ध ना? बिल्ल्यावर वाचलं. मी जोतिराम. मंगळवेढ्याच्या पुढचा, आता जुळे सोलापुरात फ्लॅट हाय, सरकारी हापिसात क्लार्क. तर रेवणसिद्ध, महिनाभर थेंब घालायचेत तिच्या डोळ्यात, दिवसातनं सहा वेळा. गावाकडं घरात ती एकटी. कोण घालणार? आणि ही बाई सकाळपासनं एकच म्हणतीय, मला स्टँडवर सोड. पाचची गाडी हाय म्हणती. डोळ्याला पट्टी, वय सत्तरच्या पुढं, आणि पाचची गाडी. माज्या घरी यायला तयार न्हाय. का विचारा की. तुमाला वाटत असंल सून वाईट असंल — गावात पण सगळे तेच म्हणतात, सुनेनं घालवली म्हातारीला. तसलं काय न्हाय. आमची मंडळी चांगली हाय ओ. लोक तिला नावं ठेवतात, आणि मी — मी कधी कुणाला सांगितलं न्हाय की तसं न्हाय म्हणून. जाऊ द्या.

कारण असं हाय की माजी पोरगी, ऋतुजा, सात वर्षाची, तिला दम लागतो. आणि आईला वाटतंय तो तिच्यामुळं लागतो. तिच्या घोंगड्यामुळं. आमी धनगर ओ. वडलांची, मायाप्पांची, शंभर-सव्वाशे मेंढरं होती. वडील गेले, मेंढरं विकली, पण शेवटच्या कातरणीची लोकर आईनं विकू दिली न्हाय. तिचं घोंगडं विणून घेतलं. काळंभोर, काठाला पांढरी रेघ. दोन वर्षांमागं हितं राहायला आली तर एक पिशवी आणि ते घोंगडं, एवढंच सामान. त्याच्यावरच बसणार, त्याच्यावरच निजणार. सोफ्यावर बसली न्हाय कधी. आणि पोरगी तिला चिकटलेली. शाळेतनं आली की दप्तर टाकून आधी घोंगड्यावर. दोघींचं काय काय बोलणं चालायचं, मेंढरांची नावं पाठ होती पोरीला. कधी न बघितलेल्या मेंढरांची.

मग खोकला सुरू झाला. मग दम. डॉक्टर म्हणले घोंगडं घरात नको, म्हणून आईला सांगितलं तसं, आणि ती गेली गावाला. एवढंच. त्याला झालं वर्ष. म्हणून आज मी तिला म्हणलं, आये, आता मशीन निघालंय, लोकर-बिकर, अंगावरचं-भिंतीवरचं सगळं ओढून घेतंय, पोरीला काय होत न्हाय, तू चल. तर म्हणली, दाव मशीन. म्हणून आलोय. तर लोकर ओढतंय ना हे? चौदावालं? ओढतंय. बरं.

गादीचा ब्रश पण येतो का ह्याच्यासंगं? तो पायजे. खरं म्हणजे तोच पायजे. न्हाय — म्हणजे लोकरीचं पण पायजे. तुमी असं बगू नका माज्याकडं. गादीचं असं झालं, घोंगडं गेलं तर पोरगी झोपंना, आजीच्या जागेवर आजीच न्हाय म्हणून रडायची, म्हणून मी फोमची गादी आणली. ही जाड. दिवाळीच्या ऑफरमधनं. आणि त्या गादीवर पोरीचा दम वाढला ओ, कमी न्हाय झाला. मग टेस्ट केली. हातावर बारीक बारीक टोचतात, एकेका जिनसाचं एकेक, आणि ज्याचा त्रास तितं लाल गांधी उठती. कबुतराला उठली. आमच्या बाथरूमच्या डक्टमधे कबुतरंच कबुतरं. गादीतल्या धुळीचे किडे असतात म्हणे, त्याला तर ही एवढी उठली. आणि लोकर. लोकरीच्या जागेवर काय न्हाय. साधं कातडं. मी डॉक्टरना दोनदा विचारलं, हे नक्की लोकरीचंच ना. म्हणले, मेंढीच्या लोकरीचंच.

व्हय. म्हणजे घोंगड्याचं काय नव्हतंच.

पाच महिने झाले. रिपोर्ट हितं पाकिटात हाय माज्या. घडी घालून घालून फाटायला आलाय. काय म्हणता? मग मशीन कशाला? गादीला लागतंच की, डॉक्टरनीच लिहून दिलंय. पाच महिने मीच टाळलं, आज सहाचं बगू, उद्या चौदाचं बगू करत. आईला दावू रिपोर्ट? तिला वाचता येत न्हाय. सांगू? हं. तुमाला सोपं वाटतंय ते.

तुमाला म्हणून सांगतो, कारण तुमी काय माज्या गावचे न्हाय. डॉक्टर काय म्हणलेच नव्हते ओ पहिल्यांदा. त्यांनी विचारलं, घरात काय काय हाय — गादी, पडदे, कुत्रं, मांजर, कबुतरं? आणि मी म्हणलं, घोंगडं. त्यांनी लोकरीचं नाव काढायच्या आधी. माज्या तोंडातनं पहिलं तेच आलं. डॉक्टर म्हणले, बरं, थोडे दिवस बाजूला ठेवून बगा. बाजूला ठेवून बगा, एवढंच. मी घरी येऊन म्हणलं, आये, डॉक्टर म्हणलेत घोंगडं घरात नको. आता का आलं तोंडातनं? पावसाळ्यात घोंगड्याला वास येतो ओ. मेंढराचा. त्या वासात वाढलो मी, पण आमचे साहेब जेवायला आल्ते एकदा, ते दारात थांबून म्हणले, कसला वास येतोय हो? आणि मी म्हणलं, खाली गटार तुंबलंय साहेब. आई आत बसल्ती. तिनं ऐकलं का न्हाय, मला अजून कळलेलं न्हाय. तवापासनं माज्या मनात ते घोंगडं घरातनं जायला पायजे होतं. पोरीच्या दमानं फकस्त निमित्त दिलं. पोटच्या पोरीच्या आजाराआड लपलो मी, काय सांगू तुमाला.

आई काय म्हणली? तिनं एकदाच विचारलं, डॉक्टर म्हणला व्हय? मी म्हणलं, व्हय. घोंगड्याची घडी घातली, सकाळच्या गाडीनं गेली. आणि मला वाटलं झालं, सुटलो. पण आमी सुट्टीला गावी गेलो की ही काय करती ठाऊक हाय? पोरगी पळत गेली की ही हात पुढं करून थांबवती. लांबनं बोल बाळा. माज्या अंगातच लोकर हाय, साठ वर्षाची. पोरगी दारात, ही अंगणातल्या बाजंवर. जेवायला पण लांब. घोंगडं कोंडीबा चुलत्याला देऊन टाकलं, थंडीत कुडकुडती, पण अंगावर लोकर घेत न्हाय, का तर म्हणं पोरगी अचानक आली तर. आणि पोरगी मला विचारती, पप्पा, आजीला मी आवडत न्हाय का?

आमची मंडळी पाच महिने म्हणतीय, सांगून टाका. मी म्हणतो सांगतो, आज सांगतो. तितं गेलं की जीभ उचलत न्हाय. आई रागवत न्हाय ओ. रागावणारी असती तर कवाच सांगितलं असतं, चार शिव्या खाल्ल्या असत्या. ती फकस्त विचारंल, तुला ठाऊक होतं? एवढंच विचारंल. त्याला काय सांगू?

म्हणून म्हणतो, मशीन बरं. मशीन घरात आलं, घरघर वाजलं, म्हातारीला वाटंल लोकर ओढली, आली घरात, बसली पोरीला घेऊन — कुणाचं काय बिघडलं? तुमी एक करा रेवणसिद्ध. मी तिला आत आणतो, तुमी मशीन लावा आणि एवढंच म्हणा, आजी, ह्यानं सगळी लोकर निघती, आता नातीला काय होत न्हाय. तुमचं ऐकंल ती, डॉक्टरसारखं. चौदाचंच घेतो मी, सहाचं नको. भाव पण करत न्हाय. एक वाक्य ओ फकस्त. खाली का बगताय?

अगं आये — उठलीस कशाला तू? पायरी बग, पायरी. हात दे. गाडीला लई येळ हाय अजून. हितं उभी राहा, ह्या हाताला. बग, हे मशीन. म्हणजे ऐक. लावा ओ. — आलं का ऐकू? ओढतंय बग. मोठं हाय, चांगलं हाय. किती म्हणजे — असू दे, परवडतं. काय? त्यांना विचारतीस? विचार की. सांगा ओ तिला. आजी विचारतीय, लोकर निघती का सगळी, नात जवळ आली तर चालंल का. सांगा की. रेवणसिद्ध. एक वाक्य.

बोला की ओ.

...

बंद करा. बंद करा ते. न्हाय, पॅक नका करू, तुमी जावा जरा तिकडं. जावा म्हणतो ना.

आये, हितं खुर्चीवर टेक. तसं न्हाय, मशीनचं न्हाय सांगत. पोरीची टेस्ट केली आमी. तिला लोकरीचा कायसुदिक त्रास न्हाय. कबुतराचा हाय, गादीचा हाय. तुज्या घोंगड्याचं कधीच काय नव्हतं. तुजं तर न्हाईच न्हाई. हा बग कागद, पाच महिने झाले.

व्हय आये. ठाऊक होतं.