नान्नजला न्यायची लेन्स

(शुक्रवार पेठेतल्या फोटो स्टुडिओमागची खोली. तिन्हीसांज. शिवानंदनं कॅमेऱ्याचं सगळं सामान चटईवर मांडलंय. बायको जगदेवी भिंतीला टेकून बसलीय.)

जगदेवी : कॅमेऱ्याचा स्टँड बी नेणार?

शिवानंद : नेणारच की. मोठी लेन्स नुसत्या हातात हलते. वय झालं आता माझं.

जगदेवी : म्हंजे बॅग फुगणार. आन् पुन्ना स्कूटरच्या मागच्या सीटवर, माज्याच जुन्या इरकलीची पट्टी आवळून बांधणार तिला.

शिवानंद : नेहमीच तशी बांधतो. आजच कसं काढलंस?

जगदेवी : उद्या मला यायचंय.

शिवानंद : नान्नजला?

जगदेवी : व्हय. तुमचा माळ बगायला.

शिवानंद : अगं, तिथल्या नागप्पाचा फोन आलाय. माळढोक दिसला म्हणतो. किती वर्षं वाट बघतोय मी त्याची, तुला ठाऊक आहे. मोठी लेन्स नसली तर ठिपका दिसेल नुसता. पुढच्या रविवारी नेतो की तुला, रिक्षा करून.

जगदेवी : डोळ्याचे डॉक्टर काय म्हनले, इसरला? कडंचं गेलं ते येत न्हाय. मधलंबी हळूहळू जाणार.

शिवानंद : औषध चालू आहे की.

जगदेवी : टाकते की थेंब. माळाचं तेवढं मनात ऱ्हायलंय. तुमी तितनं आला की शर्टाला गवताचा वास येतो. भिजवायच्या आधी मी जरा वेळ तसाच धरून बसते. डोळे मिटले की गवत हलायलंय वाटतं, पार लांबपातूर.

शिवानंद : कधी बोलली नाहीस.

जगदेवी : बॅगेला जागा लागायची की.

शिवानंद : ...आत्ता कसं दिसतं गं तुला? नीट सांग.

जगदेवी : मागं तुमी गच्चीवरनं मोठ्या लेन्सातनं सिद्धेश्वराचं देऊळ दावलं होतं न्हवं, तसं. कळस दिसला तर तळं न्हाय, तळं दिसलं तर कळस न्हाय.

शिवानंद : थांब जरा. मोठी काढतो, ही आखूड बसवतो. हं, आता ह्यातनं बघ. मान हलवू नकोस.

जगदेवी : ...दार हाय. खिडकी हाय. हिकडं देवळी, तिकडं भांड्याची मांडणी... अय्यो, दोन्ही एकदम दिसायलंय बगा.

शिवानंद : रुंद लेन्स आहे ती. कडेचं सगळं मधे आणते. लग्नात आख्खं वऱ्हाड एका फोटोत बसवायला घेतली होती. इतकी वर्षं कपाटात आहे आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

जगदेवी : माळ मावंल ह्यात?

शिवानंद : मावेल. सकाळी धुकं असतं. ते उठायला लागलं की गवत पिवळंधमक होतं, मधेच काळवीट उभे दिसतात. चंडोल गात गात वर जातो, दिसेनासा होतो, आणि गाणं तेवढं ऐकू येत राहतं.

जगदेवी : आन् तुमचा माळढोक? ह्यातनं ठिपकाच की त्यो.

शिवानंद : ठिपका तर ठिपका. स्टँड, मोठी लेन्स, सगळं राहू दे घरी. मागं तू बस.

जगदेवी : लई वर्सं थांबलाय तुमी त्याच्यापायी. जीव हळहळंल तुमचा.

शिवानंद : हळहळेल. तरी चल.

जगदेवी : मग कॅमेरा माज्या हातात असल्यावर तुमी काय करणार तितं?

शिवानंद : बसतो तुझ्याजवळ. कॅमेऱ्याशिवाय माळ मी तरी कुठं बघितलाय.