चर्चची चावी

कौशल्याबाईंचे डोळे नागपूरच्या गाडीच्या वाटेकडं होते, पण कान मात्र शेजारी उभ्या कुटुंबाच्या बोलण्याकडं. जामच्या थांब्यावर पाद्री सुमंत, मिशनरी म्हणून बायकोसह कायमचा कंबोडियाला निघालेला, म्हाताऱ्या आईचा निरोप घेत होता.

"आई, रडून नको पाठवू. प्रभूचं बोलावणं हाय."

"रडून नाई राह्यली. चर्चची चावी कोणाले दिली?"

"तुह्याच पिशवीत ठेवली."

"मले काऊन? उपासना तं तू घेत होता."

"दुसरा पाद्री येईपर्यंत लोकं सांभाळतीन."

"कोणते लोकं, सुमंत? वडनेरात रविवारी आपण तिघंच तं बसतो."

"तिकडच्या गावात येशूचं नावबी कोणी ऐकलं नाई, आई."

"अहो, गाडी आली. चला."

"जा बाबा. रविवारी घंटा मीच वाजवीन, अन् मंग आत जाऊन बाकावर बी मीच बसीन."