ओव्हनमध्ये मावेल तो किट

शनिवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी सुरू झालं हे सगळं, आणि वर दोष कोणाचा, तर माझा. टीव्हीवर आजच्या पेशंटांचे आकडे, आमच्या केलीव्हिल उपनगराचं नाव येतं का म्हणून मी जीव मुठीत धरून बघतेय... आणि सलिल, माझा नवरा, विमानतळावर सामान चढवतो, लॉकडाऊनमुळे विमानंच बंद, सहा आठवडे सोफ्यावर, विचारलं तर हूं की चूं नाही, तो आपणहून म्हणतो, "चारू, घरी बिअर करून बघू का?" तुम्हाला सांगते, मी थेंबाला शिवलेली नाही, पण माणूस बोलला ना! त्याचा विचार बदलायच्या आत मास्क लावून बिअरचं सामान आणायला निघालेच. घरातल्या एकानेच बाहेर पडायचा नियम, म्हणून आमच्या बाळाला, अनिशला, दिलं त्याच्या मांडीवर.

वाटेत त्याच्या मित्राला फोन लावला, वॉलॉंगॉंगच्या मुरलीधरला, तो घरी करतो. "वहिनी, डोळे मिटून तेवीस लिटरचा किट उचला. झाकणाची बादली, काकवीसारख्या पाकाचा डबा, यीस्टची पुडी. कालवायचं, झाकायचं, विसरायचं. फक्त गारठ्यात ठेवू नका, फसफसणार नाही." आता गारठ्याचं मला सांगतो? इथे जुलैत ऐन हिवाळा, तेव्हा इडलीचं पीठ मी कुठे ठेवते? ओव्हनमध्ये, नुसता दिवा लावून! मग बादलीही तिथेच. पण तेवीस लिटर मावायचे कसे?

दुकानवाला दारातूनच माल देत होता. "फर्स्ट टाइम, लव्ह? लागर ऑर एल?" बिअरच्या जाती असाव्यात, मी म्हटलं, एनी, बट मस्ट गो इन ओव्हन. तो बिचारा अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं, "यू डोन्ट बेक इट, लव्ह." मी थेंबाला न शिवलेली बाई, याला इडली कुठून समजावू? मागे रांग, मला घाम... सगळ्यात बुटका, पाच लिटरचा उचलला.

तुम्हाला सांगते, चार दिवस हा माणूस ओव्हनच्या काचेपुढे मांडी घालून. "चारू, बुडबुडा बघ." "चारू, अजून एक." जेवायला आपणहून येतोय, अनिशला खांद्यावर घेतोय. मी देवाला म्हटलं, मी थेंबाला शिवणार नाही, पण एवढं बिघडू देऊ नकोस.

पाचव्या दिवशी दुपारी मी अनिशला झोपवतेय, याला भूक. कानाला फोन, मुरलीधरला बुडबुड्यांचीच बातमी देतोय, दुसऱ्या हाताने पिझ्झाचं पाकीट फोडलं आणि सवयीने, आत न बघता, ओव्हन तापायला लावला. दोनशेवर.

वासाने मी धावले तर बादली वितळून शेवयांसारखी जाळीतून खाली, फरशीभर फेस. मी फडकं शोधतेय, मनात एकच, आता हा परत सोफ्यावर... तर म्हणतो कसा, "छोटी कोणी आणली? मोठी असती तर ओव्हनमध्ये मावलीच नसती." मी म्हटलं, बटण कोणी फिरवलं? तो म्हणे, बादली ओव्हनमध्ये ठेवतं कोण? अर्धा तास, तुम्हाला सांगते, सहा आठवड्यांत पहिल्यांदाच नीट भांडलो आम्ही. इतकं बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी त्याने तेवीस लिटरचा मागवला. आमच्या घरात हीटर एकाच खोलीत, बेडरूममध्ये. तिथे ती बादली गोधडी पांघरून पलंगावर, आणि आम्ही तिघं हॉलमध्ये कुडकुडत. तुमच्या ओळखीत कोणी पहिला किट घेणार असेल तर एवढं कळवा हो, ओव्हन मोजू नका. पलंग मोजा.